पाणी अडवले कोणासाठी?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा कमिटीने मला विषय दिला, 'पर्यावरण आणि राष्ट्राचा विकास'. विषय मोठा, माणूस लहान. माझे शिक्षण नववी, तेही रात्रशाळेत. बाकी जे काही शिकलो ते गिरणीत दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, युनियनच्या ऑफिसातल्या कपाटातली पुस्तके वाचून आणि मोर्चात चालता चालता. तेव्हा प्राध्यापकासारखे बोलणे मला जमणार नाही. मी वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले सांगणार. विषयातला एकच धागा धरतो, तो म्हणजे पाणी. पाणी अडवायचे की नाही, अडवले तर कोणासाठी, आणि वाटायचे कसे, एवढेच.

आधी घरची गोष्ट सांगतो. माझ्या आईचे माहेर आज जमिनीवर नाही, पाण्याखाली आहे. सह्याद्रीच्या कुशीत साठच्या दशकात धरण बांधले, त्यात ते गाव गेले. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. गावाच्या नावाने मोजणी झाली, कागद रंगले. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना थोडीफार भरपाई, कुठेतरी लांब जमीन मिळाली. माझ्या आजोबांच्या नावावर काय होते? काहीच नाही. दुसऱ्याच्या शेतात राबायचे, नदीकाठी दोरखंड वळायचे, पडेल ते काम करायचे. कचेरीत गेले तर साहेब म्हणाला, "तुझं काहीच बुडालं नाही, मग तुला द्यायचं काय?" आजोबांनी पुढे जन्मभर हे वाक्य सांगितले. घर बुडाले, राबायचे शेत बुडाले, नदीकाठ बुडाला, आणि कागदावर मात्र काहीच बुडाले नव्हते.

मग मामा मुंबईला आला, त्याच्या पाठोपाठ आई लग्न होऊन आली, आणि १९८८ साली मी बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. रिंगखात्यात. पाळी सुरू झाली की हजारो चात्या एकदम घुमायला लागायच्या. तरुणपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. आपण देशासाठी कापड काढतो, देश पुढे नेतो. तेव्हा आमच्या खात्यातला एक जुना जॉबर मला म्हणाला, "अरे, ह्या चात्या कशावर फिरतात ते माहीत आहे का? पाण्यावर!" मी हसलो. म्हटलं, काका, विजेवर फिरतात. तो म्हणाला, "आणि वीज कशावर?"

तिथून माझे वाचन सुरू झाले बघा.

मुंबईच्या गिरण्या पहिल्यांदा दगडी कोळशावर, वाफेवर चालायच्या. त्या उंच चिमण्या त्याच काळच्या. मग टाटांनी घाटमाथ्यावर पाणी अडवून ते खाली कोकणाच्या बाजूला सोडले आणि त्यावर वीज केली. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली, आणि भिऱ्याचे १९२७ साली. ह्या विजेचे मोठे गिऱ्हाईक होते मुंबईच्या गिरण्या. कोळसा कमी जळू लागला, परळ-लालबागच्या डोक्यावरचा धूर कमी झाला. आजच्या भाषेत बोलायचे तर ती स्वच्छ वीज होती. हे मी नाकारत नाही. चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे.

पण भिऱ्याच्या विजेसाठी जे पाणी लागले ते मुळशी खोऱ्यातले. मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे त्यासाठी उठवायची होती. भाताची खाचरे होती, माणसे पिढ्यान्पिढ्या तिथे होती. १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी. बाया-माणसे कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. तीन वर्षे झुंज चालली. शेवटी धरण झालेच. जमीन घ्यायला सरकारने वापरला तो १८९४ सालचा भूसंपादन कायदा. त्या कायद्याने जमिनीला पैसे मिळत, पण माणसाला दुसरीकडे बसवून देण्याची सक्ती त्यात नव्हती. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. धरणग्रस्तांचा लढा ह्या देशाला नवा नाही, आणि तो पहिल्यांदा पेटलेल्या ठिकाणांत आपले मुळशी आहे.

आणखी एक बाजू बघा. ही पाणी मुळात पूर्वेकडे, भीमेकडे वाहणारी. भीमा पुढे कुठे जाते? सोलापूरच्या दुष्काळी मुलखात. ते पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवले, वीज केली, आणि पुढे ते समुद्राकडे गेले. कोयनेचेही तसेच. म्हणजे वीज मुंबईला, पाणी समुद्राला, आणि तहान सोलापूरला. विकासाचा हिशेब मांडताना ही तिसरी रक्कम आपण लिहायलाच विसरतो.

बरे, ज्या गिरणीसाठी एवढे झाले त्या गिरणीत तरी सगळ्यांना सारखा वाटा मिळाला का? नाही. विजेवर साचे चालले, पण साच्यावर आपल्या माणसाला उभे राहू देत नव्हते. विणकामात तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगत. जास्त पगाराचे खाते आपल्याला बंद, कमी पगाराचे रिंगखाते तेवढे उघडे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तेव्हा विकास झाला असे कोणी म्हटले की मी दोन प्रश्न विचारतो. बुडाले कोण? आणि मिळाले कोणाला?

आता कोणी तरुण उठून म्हणेल, काका, म्हणजे तुम्ही धरणाच्या विरुद्ध आहात, विजेच्या विरुद्ध आहात. थांबा. उत्तर देण्यासाठी मी बाबासाहेबांकडेच जातो.

बाबासाहेब घटनाकार हे आपल्या लहान पोरालाही माहीत आहे. पण १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती, हे आपल्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४३ साली बंगालात दामोदर नदीला मोठा पूर आला. बांध फुटला, कलकत्त्याकडे जाणारा रेल्वे आणि रस्ता तुटला. आधीच दुष्काळाने माणसे मरत होती, त्यात हा पूर. पुराची चौकशी करायला समिती नेमली, तिच्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्याचा जसा एकत्र विकास केला तसा इथे करावा, असा विचार पुढे आला. बाबासाहेबांच्या खात्याने तो उचलून धरला. १९४५ साली कलकत्त्याला त्यांनी बंगाल आणि बिहारच्या लोकांना एकत्र बसवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकला महानदीच्या प्रश्नावर ते बोलले. पुराच्या पाण्याला शत्रू समजून नुसते समुद्राकडे हाकलू नका, पाणी ही संपत्ती आहे, ती साठवा, तिच्यावर शेती भिजवा, वीज करा, नावा चालवा, असे त्यांचे म्हणणे होते. आजचा जो केंद्रीय जल आयोग आहे, त्याचे मूळही १९४५ सालच्या त्याच कामात आहे.

म्हणजे बाबासाहेब विकासाच्या विरुद्ध नव्हते, उलट पुढे होते. कारण त्यांना गरिबी माहीत होती. खेड्यात काहीच बदलायचे नाही, तिथले सगळे गोड आहे, असे म्हणणारे लोक वेगळे. आपल्या माणसाला ते जुने खेडे गोड नव्हते. चवदार तळ्याचे पाणी १९२७ सालापर्यंत आपल्याला बंद होते. तळे होते, पाणी होते, निसर्ग सुंदर होता, पण ओंजळ आपली नव्हती. म्हणून नुसता 'निसर्ग वाचवा' हा पुकारा मला पुरा पडत नाही. निसर्ग वाचला पाहिजे आणि त्यातली ओंजळ सगळ्यांची झाली पाहिजे.

पुढे १९४८ साली कायदा होऊन दामोदर खोरे महामंडळ झाले. तिलैया धरण १९५३ साली, कोनार १९५५ साली, मैथन १९५७ साली आणि पंचेत १९५९ साली पुरे झाले. आता पंचेतची गोष्ट ऐका. ६ डिसेंबर १९५९. तारीख लक्षात घ्या, बाबासाहेबांना जाऊन बरोबर तीन वर्षे झाली होती. पंडित नेहरू उद्घाटनाला आले. त्यांनी स्वतः कळ दाबली नाही. धरणावर काम करणारी बुधनी मेझान नावाची एक संथाळ मुलगी होती, पंधरा-सोळा वर्षांची. तिला त्यांनी पुढे केले आणि तिच्या हाताने वीजघर सुरू केले. केवढा मोठा विचार! देशाचे धरण मजूर बाई सुरू करते.

पण पुढे काय झाले? त्या प्रसंगात नेहरूंशी हार देण्याघेण्यावरून समाजाने ठरवले की तिचे परक्याशी लग्न लागले. तिला वाळीत टाकले. काही वर्षांत नोकरीवरूनही काढले. तिचे स्वतःचे गाव ह्याच धरणात गेले होते. मुलगी धरणाची कळ दाबते आणि तिला राहायला ना गाव, ना जात, ना काम. १९८० च्या दशकात तिला पुन्हा कामावर घेतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वारली. मी पेपरात तिचा फोटो पाहिला आणि मला माझी आई आठवली. आपल्या पोरांनी बुधनीचे नाव लक्षात ठेवावे. राष्ट्राच्या विकासाचे पुस्तक लिहायचे तर पहिल्या पानावर तिचे नाव पाहिजे.

आणि त्या दामोदरचे काय झाले? आधी आखलेली सगळी धरणे झाली नाहीत. धरणात गाळ साचला, साठवण कमी झाली. वरच्या बाजूचे जंगल आणि माती जेवढी राखायला हवी होती तेवढी राखली गेली नाही. वीज पाण्यापेक्षा कोळशावरच जास्त होऊ लागली. कोळशाच्या धुलाईचे आणि कारखान्यांचे पाणी नदीत जाऊन दामोदर काळी पडली. पावसाळ्यात धरणाचे पाणी सोडले की खाली बंगालात अजून पूर येतो आणि दोन राज्ये एकमेकांकडे बोट दाखवतात. पूर बराच आवरला, वीज मिळाली, शेती भिजली हेही खरे. म्हणजे योजना चूक नव्हती. योजनेतला नदीचा भाग आणि माणसाचा भाग अर्धवट राहिला. भिंत मात्र पुरी झाली.

जगात ह्या विषयावर मोठी भांडणे झाली. १९७२ साली स्टॉकहोमला पर्यावरणाची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. इंदिरा गांधी तिथे गेल्या आणि श्रीमंत देशांना स्पष्ट सांगून आल्या की गरिबी हटल्याशिवाय गरीब देश पर्यावरण राखू शकणार नाहीत. त्यांचे बरोबर होते. ज्यांनी दीडशे वर्षे धूर सोडला त्यांनी आपल्याला चूल विझवायला सांगू नये. १९८७ साली ब्रुंटलँड बाईंच्या आयोगाने 'शाश्वत विकास' हा शब्द जगात रुजवला. आजची गरज भागवा, पण नातवंडांच्या तोंडचा घास काढू नका, असा त्याचा साधा अर्थ. १९९२ साली रिओला सगळ्या देशांनी त्यावर माना डोलावल्या.

पण मित्रांनो, जो न्याय आपण श्रीमंत देशाकडे मागतो तो देशाच्या आतही लागू झाला पाहिजे. अमेरिकेने भारताला सांगू नये, हे ठीक. मग मुंबईने मुळशीला, शहराने आदिवासी पाड्याला 'देशासाठी तेवढे सोसा' हे कोणत्या तोंडाने सांगावे? देशासाठी सोसायचे तर सगळ्यांनी सोसावे. पाळीपाळीने सोसावे. दरवेळी त्याच माणसाची पाळी कशी येते?

काही बदलले आहे, तेही सांगतो. नाहीतर तरुणांना वाटेल, लढून काही होत नाही. धरणग्रस्तांच्या चळवळींमुळे महाराष्ट्रात १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा झाला. देशात २०१३ साली नवा भूसंपादन कायदा झाला आणि १८९४ चा इंग्रजी कायदा गेला. ह्या नव्या कायद्यात भूमिहीन मजूर, कूळ, ज्याचे पोट त्या जमिनीवर तीन वर्षे आधीपासून आहे, त्यालाही बाधित कुटुंब म्हणून मोजायचे असे लिहिले आहे. माझे आजोबा हे ऐकायला राहिले नाहीत. 'तुझं काहीच बुडालं नाही' ह्या वाक्याला उत्तर मिळायला पन्नास वर्षे लागली. कायदा कागदावर आहे, तो जमिनीवर आणायचे काम तुमचे.

आता शेवटी आपल्या दाराशी येतो. कारण दामोदरवर बोलायला सोपे असते, आपल्या गल्लीवर बोलायला जीभ अडखळते.

मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी येते. तानसा, मोडकसागर, भातसा, वैतरणा ही नावे आपण पावसाळ्यात पेपरात वाचतो, तलाव भरला की टाळ्या वाजवतो. ते तलाव ज्या शहापूर, मोखाड्याच्या बाजूला आहेत तिथल्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकर येतो. धरण उशाशी आणि कोरड घशाशी. ते पाणी शंभर-शंभर किलोमीटर वाहत आपल्या वस्तीत येते. आपल्यालाही ते सुखासुखी मिळाले नाही. झोपडी बेकायदा म्हणून पाणी नाही, असे सांगत होते. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी कशीही असो, माणसाला पाण्याचा हक्क आहे.

एवढे करून आलेले पाणी आपण कसे वाटतो? आपली वस्ती टेकडीच्या पोटाला. खालच्या गल्लीत आधी पाणी येते, वरच्या गल्लीत शेवटी. खालच्या गल्लीत आज घरोघर लाईनीला मोटार लावलेली आहे. पाणी सुटले की मोटारी घरघरायला लागतात आणि वरच्या गल्लीतल्या मावशी रिकामा हंडा घेऊन नळाशी बसतात. कधी दोन हंडे, कधी तेही नाही. मग पोर शाळा बुडवून खाली येते, ओळखीच्या घरी एक कळशी मागते, आणि कोणी देते, कोणी दार लावते.

बंधू-भगिनींनो, कडू बोलतो, राग मानू नका. चवदार तळ्यावर आपल्याला अडवणारे दुसरे होते. इथे अडवणारे आपणच आहोत. जात एक, धम्म एक, विहार एक, आणि पाणी मात्र खालच्याचे.

मी साधू नाही. माझ्या घरीही मोटार होती, सहा वर्षे होती. मार्च २०२० च्या टाळेबंदीत आमची गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडली नाही. घरी बसलो तेव्हा पहिल्यांदा कळले, सकाळी वरच्या गल्लीत काय चालते ते. पाळीच्या काळात मला ते दिसलेच नव्हते. मागच्या वर्षी मी मोटार काढली. बायको म्हणाली, "तुम्ही भाषणं करा, पाणी मला भरावं लागतं." तिचे खरे होते. तेव्हापासून पाणी मी भरतो. वेळ जास्त लागतो, पण भरते.

आणि हा नुसता न्यायाचा प्रश्न नाही, आरोग्याचाही आहे. पाईपात पाणी कमी असताना मोटार ओढायला लागली की आत पोकळी होते, आणि जुन्या सांध्यातून, चिरेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. मग वस्तीत कावीळ, जुलाब. मोटार खालच्या घरात, पण पोर कोणाचेही आजारी पडते. पर्यावरण म्हणजे फक्त ताडोबाचा वाघ नव्हे. आपल्या नळाचे आणि गटाराचे अंतर हेही पर्यावरणच.

काय करावे? मी तीन गोष्टी मांडतो. पहिली, विहाराच्या छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत घ्यावे. निदान पावसाळ्यात झाडलोट, संडास, धुणे यांसाठी नळाचे पाणी लागणार नाही. दुसरी, वरच्या गल्लीला वेगळी लाईन आणि वेळ मिळावी म्हणून सगळ्यांच्या सहीचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यावा. खालच्या गल्लीच्या सह्या आधी, वरच्यांच्या नंतर. तिसरी, मोटारींचा निकाल आपण आपसात लावावा.

तो कसा लावायचा? बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग आहे. शाक्य आणि कोलिय यांचे पाण्यावरून भांडण झाले, शाक्य युद्धाला निघाले. सिद्धार्थाने सांगितले, युद्ध नको. दोघे आपले, दोघे त्यांचे, आणि त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा, तो निकाल सगळ्यांनी मानावा. तेव्हा ते कोणी ऐकले नाही. आपण ऐकूया. दोन बाया खालच्या गल्लीतल्या, दोन वरच्या गल्लीतल्या. बायाच म्हणतो, कारण पाणी त्या भरतात. त्या चौघींनी पाचवी निवडावी. त्या पाच जणी जे ठरवतील ते मी पहिला मानीन.

धरणे सरकार बांधते, वीज कंपन्या करतात. त्यांच्याशी लढायचे तेव्हा लढूच. पण शेवटच्या दहा हाताची लाईन आपल्या हातात आहे. वरच्या गल्लीत हंडा भरला की मी म्हणेन, ह्या वस्तीचा विकास झाला. पुढच्या वर्धापनदिनी मला भाषण देऊ नका, तो हंडा भरला का एवढे मला सांगा.



जय भीम! नमो बुद्धाय!